जेथे सुरतेचा तह झालाच नाही
(जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेविषयी)

‘विश्वास पानिपतात गेला’ असे आपल्याकडे म्हणण्याचा प्रघात आहे. हातउसने नेलेले पैसे वेळेवर परत करीन असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू लागला, की समोरचा गृहस्थ हसून हे एवढेच उत्तर देतो आणि त्यात सर्व काही येते. नानासाहेब पेशव्यांचा थोरला पुत्र १४ जानेवारी १७६१ रोजी रणांगणावर गोळी लागून पडला. त्या दुःखाचे अडीचशे वर्षांत मराठी भाषेने एका कोटीत रूपांतर केले. ज्या समाजाला आपल्या सर्वांत मोठ्या पराभवावर कोटी करता येते, त्या समाजाला त्याच पराभवावर एखादी विनोदी अद्भुतकथाही लिहिता यावी, यात आश्चर्य नाही. मात्र ती लिहिली जाण्यास विसाव्या शतकाचे उत्तरार्ध उजाडावे लागले आणि ती लिहिणारा लेखक इतिहासाच्या दालनातून न येता खगोलशास्त्राच्या दालनातून आला.

डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूर येथे झाला आणि २० मे २०२५ रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. विश्वरचनाशास्त्रातील त्यांचे कार्य जगन्मान्य आहे. मराठी वाङ्मयात त्यांनी प्रवेश केला तो मात्र टोपणनावाने. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत १९७४ साली त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली आणि तिला पारितोषिक मिळाले. आपली आद्याक्षरे उलट क्रमाने लावून त्यांनी हे नाव तयार केले होते. पुढे ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा कथासंग्रह १९७९ साली प्रसिद्ध झाला. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही त्यांची कथा इंग्रजी रूपात, थोडी संक्षिप्त होऊन, ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाली. त्यामुळे मराठी न जाणणाऱ्या असंख्य मुलांनाही विश्वासराव हे नाव परीक्षेपुरते का होईना पाठ झाले. मराठी कथेच्या वाट्यास असे भाग्य क्वचितच येते.

ही कथा आम्ही आज विचारास घेतो याला सुरतेत बसून लिहिणाऱ्यांचे असे एक खास कारण आहे. ते यथाक्रम येईलच. प्रथम कथानक पाहू.

प्रा. गंगाधरपंत गायतोंडे हे पुण्याचे नामांकित इतिहासकार. गायतोंडे हे आडनाव आमच्या कोंकणी वाचकांना परके वाटणार नाही. गोमंतकाशी नाते सांगणारा हा पंडित पुण्यात इतिहासाचे पाच खंड लिहून बसला आहे. सभांचे अध्यक्षपद हे त्याचे व्यसन म्हणावे इतके अंगवळणी पडलेले. नऊशे नव्याण्णव सभा त्याने भूषविल्या असून हजारावी सभा नेमकी पानिपतावरील परिसंवादाची आहे. ‘पानिपतात मराठे जिंकले असते तर?’ या विचारात मग्न होऊन रस्त्याने चालत असता त्याला एका मालमोटारीचा धक्का बसतो, आणि तो शुद्धीवर येतो तो निराळ्याच जगात. त्या जगात पुण्याहून मुंबईस ‘जिजामाता एक्स्प्रेस’ धावते आणि ती आपल्या दख्खनच्या राणीपेक्षा वेगवान आहे. वाटेत ‘सरहद्द’ नावाचे स्थानक लागते, परवाने तपासले जातात. तेथून पुढे इंग्रजांचा मुलूख. मुंबईच्या आगगाड्यांच्या डब्यांवर छोटासा युनियन जॅक रंगविलेला आहे. ज्या ईस्ट इंडिया कंपनीचा राज्यकारभार आपल्या इतिहासात १८५८ साली गेला आणि जी १८७४ साली विसर्जितच झाली, तिचे मुख्य कार्यालय तेथे दिमाखात उभे आहे.

गंगाधरपंत प्रथम मुलाच्या कचेरीत जातात. तेथे त्या नावाचा कोणी इसम नाही. अशा वेळी सामान्य माणूस रडेल, पोलिसांकडे जाईल, देवाचा धावा करील. आमचा पंडित ग्रंथालयात जातो! टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून तो स्वतःचेच पाच खंड मागवितो. पहिल्या चार खंडांत, म्हणजे औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, एक अक्षरही वेगळे नाही. पाचव्या खंडात मात्र मराठे पानिपतात जिंकलेले आहेत. हे कसे झाले हे शोधण्यासाठी तो ‘भाऊसाहेबांची बखर’ उघडतो आणि तेथे त्याला तीन ओळी सापडतात: गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेली. त्यांना लागली नाही.

कथेचे मर्म येथे आहे. गंगाधरपंतांसारखा काटेकोर इतिहासकार बखरींस प्रमाण मानीत नाही. रंगवून सांगितलेल्या मजकुरात कोठे सत्याचा कण सापडला तर पाहावा, इतकीच त्याची बखरीशी सलगी. आणि नियतीचा विनोद असा, की ज्या ग्रंथप्रकाराकडे त्याने जन्मभर करमणूक म्हणून पाहिले, तोच त्याच्या सर्वांत मोठ्या अनुभवाचा एकमेव पुरावा ठरतो. मैदानावरच्या धक्काबुक्कीत बखर हातची जाते; खिशात राहते फक्त एक फाटके पान. परत आपल्या जगात आल्यावर ते पान मित्रापुढे ठेवावे, तर इकडच्या बखरीत त्याच ठिकाणी विश्वासराव पडल्याची हकीकत आहे. शब्द जवळजवळ तेच. मृत्यू तेवढा वेगळा.

प्राचीन वाङ्मयाच्या एका पानावर सारे जग तोलून धरण्याची ही युक्ती इतर भाषांतही आढळते, आणि तुलना उद्बोधक आहे. इंग्रजी लेखक जॅस्पर फोर्ड याची ‘द आयर अफेअर’ ही कादंबरी २००१ साली निघाली. तिच्यातील इंग्लंड १९८५ सालचे, पण आपले नव्हे. तेथे क्रिमियाचे युद्ध अद्याप चालू आहे, आणि लोक साहित्याचे इतके वेडे आहेत, की शेक्सपिअरची नाटके खरी कोणी लिहिली या वादाचे प्रचारक धर्मोपदेशकांसारखे दारोदार फिरतात. शार्लट ब्राँटेच्या ‘जेन आयर’ या १८४७ सालच्या कादंबरीचा शेवट त्या जगात निराळा आहे: जेन आपल्या आतेभावासह हिंदुस्थानास निघून जाते! नायिका त्या पुस्तकाच्या आत शिरते, आणि तिच्या धडपडीतून आपल्याला ठाऊक असलेला शेवट घडतो. हे सारे अत्यंत चतुर आहे. वाचताना हसू आवरत नाही. पण फोर्डच्या हाती एक काल्पनिक विवाह आहे. तो झाला काय आणि न झाला काय, कोणाचे घर उद्ध्वस्त होत नाही. नारळीकरांच्या हाती जे पान आहे त्यावर सहस्रावधी माणसांच्या मृत्यूची शाई आहे. एवढ्या भाराखाली विनोद टिकविणे हे अधिक अवघड काम होय. आमच्या मते नारळीकरांनी ते साधले आहे.

कसे साधले, हे पाहण्यासारखे आहे. पानिपत जिंकल्याची कथा म्हटली, की आपली कल्पनाशक्ती ताबडतोब दिल्लीच्या तख्तावर जरीपटका फडकवू लागते. नारळीकर तो मोह टाळतात. त्यांच्या जगात पेशवे दिल्लीच्या बादशहास राजकारणासाठी नामधारी म्हणून तसाच ठेवतात. एकोणिसाव्या शतकात ते विज्ञानाची केंद्रे उभारतात. विसाव्या शतकात लोकशाहीचे वारे वाहू लागतात आणि पेशव्यांची सत्ता हळूहळू लोकनियुक्त संस्थांकडे जाते. देश गुलामीत गेला नाही, म्हणून तो स्वतःच्या पायावर उभा राहण्यास शिकला. मुंबई मात्र व्यापाराच्या सोयीसाठी इंग्रजांकडे भाडेपट्ट्याने ठेवलेली. १९०८ सालच्या करारान्वये तिची मुदत २००१ साली संपावयाची. विजयाची फळे म्हणून आपणांपुढे येतात ती अशी: प्रयोगशाळा, संसद आणि भाडेचिठ्ठी! ढोलताशांच्या अपेक्षेने आलेल्या वाचकाच्या हाती लेखक नगरपालिकेची पावती ठेवतो. हा विनोद फार सौम्य आहे, आणि म्हणूनच खोल जातो.

याहून उघड विनोद आझाद मैदानावर घडतो. सभा भरलेली आहे, वक्ता बोलत आहे, आणि व्यासपीठावरील अध्यक्षांची खुर्ची रिकामी! गंगाधरपंतांच्या आयुष्यात असा अधर्म कधी घडला नव्हता. लोहचुंबकाने ओढल्यासारखे ते जाऊन खुर्चीवर बसतात. श्रोते ओरडू लागतात: त्या जगात अध्यक्षीय समारोप, लांबलचक परिचय आणि आभारप्रदर्शन या प्रथा लोकांनी केव्हाच मोडीत काढल्या आहेत. गंगाधरपंत ‘हॅम्लेट’ नाटकाचा दाखला देऊन अध्यक्षपदाची महती सांगू पाहतात. उत्तरादाखल टोमॅटो आणि अंडी येतात. राज्य जिंकल्यावर मराठी समाजाने कोणती एक सुधारणा केली असेल, तर ती ही! देवस्थानच्या उत्सवात मुख्य कार्यक्रमापूर्वी तासभर सत्कार आणि मनोगते सोसलेल्या वाचकांना या प्रसंगाचे सौंदर्य अधिक विशद करून सांगण्याची गरज नाही. पुढे १९२१ नव्हे, २०२१ साली, नाशिकच्या चौऱ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या कथेच्या लेखकाकडेच चालत आले आणि प्रकृतीमुळे त्यांना तेथे प्रत्यक्ष उपस्थित राहता आले नाही. व्यासपीठावरील रिकाम्या खुर्चीचा प्रसंग लिहिणाऱ्याच्या बाबतीत योगायोगाने केलेली ही थट्टा त्यांनाही रुचली असती, असे आम्हांस वाटते.

आता आमच्या वाचकांपैकी ज्यांचे कान सभामंडपातील पुराणांनी तयार झाले आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. ‘समांतर विश्व’ हा शब्द नवा असला, तरी कल्पना आपल्याला नवी नाही. योगवासिष्ठाच्या उपशमप्रकरणातील गाधी ब्राह्मणाची कथा अनेकांना आठवत असेल. कोसल देशातील हा तपस्वी विष्णूजवळ माया पाहण्याचा वर मागतो. तळ्यात स्नानासाठी बुडी मारतो, आणि त्या क्षणात आपला मृत्यू, अंत्यज कुळात पुनर्जन्म, संसार, त्याचा नाश, वणवण, आणि अखेर कीर देशाचे राज्य, इतके सारे भोगतो. आठ वर्षांनी त्याची जात उघडकीस येते, प्रजा प्रायश्चित्त म्हणून अग्निप्रवेश करते, तोही चितेत उडी घेतो, आणि पाण्यातून डोके वर काढतो. येथवर ती स्वप्नकथा आहे. पण पुढे एक अतिथी सहज बोलता बोलता कीर देशातील तीच हकीकत सांगतो. गाधी स्वतः तेथे जातो, आणि खुणा जशाच्या तशा सापडतात. स्वप्नाला पुरावा मिळतो, तेव्हा खरी भीती सुरू होते.

गंगाधरपंतांच्या खिशातील फाटके पान हे गाधीला सापडलेल्या खुणांचे सख्खे भावंड आहे. मात्र दोन्ही कथांची शिकवण भिन्न दिशांनी जाते. वसिष्ठ श्रीरामास सांगतात, की जे जग तू खरे मानतोस तेही याच जातीचे आहे. म्हणून त्यात गुंतू नकोस. नारळीकरांचा राजेंद्र देशपांडे हा शास्त्रज्ञ मित्र निराळे सांगतो. अणूच्या पोटातील इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने जाईल हे आधी ठामपणे सांगता येत नाही. अनेक वाटा शक्य असतात, आपण एक पाहतो. तसेच, काही परिस्थिती अशा काठावर उभ्या असतात, की अत्यल्प कारणाने त्या एका बाजूस किंवा दुसऱ्या बाजूस कोसळतात. गणितात यास आपत्तीसिद्धान्त म्हणतात आणि रने तोम या फ्रेंच गणितज्ञाने तो मांडला. विश्वासरावांची गोळी ही असा एक काठ. दोन्ही बाजूंची जगे शक्य. गंगाधरपंत क्षणभर पलीकडच्या बाजूस गेले. वसिष्ठांच्या मते दोन्ही जगे सारखीच असत्. राजेंद्रच्या मते दोन्ही सारखीच संभवनीय. पहिले मत वैराग्य देते. दुसरे काय देते, हा या कथेचा खरा प्रश्न आहे, आणि तो लेखकाने वाचकावर सोपविला आहे.

आमचे उत्तर देण्यापूर्वी एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. पानिपताचा सारा भार एका गोळीवर टाकणे म्हणजे आपली जबाबदारी झटकणे नव्हे काय? दोन महिन्यांहून अधिक काळ छावणी वेढली गेली होती. रसद तुटली होती. माणसे आणि जनावरे उपाशी होती. लढवय्यांबरोबर बुणग्यांचा आणि उत्तरेच्या तीर्थयात्रेस निघालेल्या यात्रेकरूंचा मोठा जमाव होता. काशी-प्रयाग घडावे म्हणून फौजेच्या आधाराने निघालेली ती भाविक माणसे यमुनेच्या काठावर अन्नान्न झाली, हे आपण देवदर्शनास जाणाऱ्यांनी तरी विसरू नये. उत्तरेतील राजे दुरावले होते, सरदारांत एकवाक्यता नव्हती. इतकी कारणे साचलेली असता ‘गोळी चुकली असती तर’ म्हणणे हे बालिश समाधान ठरेल.

आक्षेप वजनदार आहे. पण कथेतील शास्त्रच त्यास उत्तर देते. काठावर उभ्या असलेल्या शिळेसच बोटाचा धक्का पुरतो. सपाट जमिनीवरची शिळा बोटाने हलत नाही. गोळी निर्णायक ठरली, कारण त्यापूर्वी अनेक वर्षांच्या अनेक निर्णयांनी ती फौज काठावर आणून उभी केली होती. तेव्हा ही कथा दैवास सर्व दोष देते असे म्हणणे अन्यायाचे होईल. दोष आहे तो एवढाच, की काठापर्यंतचा प्रवास ती दाखवीत नाही.

आणि येथे सुरत येते. त्या निराळ्या जगाच्या इतिहासात एक वाक्य असे आहे, की विजयानंतर दादासाहेबांचे, म्हणजे राघोबादादांचे, महत्त्व उरले नाही आणि ते यथावकाश राजकारणातून निवृत्त झाले. पुण्यामुंबईचा वाचक हे वाक्य ओलांडून पुढे जाईल. सुरतेचा वाचक येथे थांबतो. आपल्या जगात काय झाले? पानिपताच्या वार्तेने खचलेले नानासाहेब २३ जून १७६१ रोजी वारले. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी गेले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा वध झाला. आणि पुण्यातून हुसकले गेलेले राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयास आले ते येथे, तापीकाठी. मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी त्यांनी तह केला तो सुरतेचा तह. अडीच हजार फौजेच्या मदतीच्या बदल्यात त्यांनी साष्टी आणि वसई, तसेच सुरत व भडोच या भागांतील वसुलाचा काही हिस्सा देऊ केला. ती वसई १७३९ साली चिमाजी अप्पांनी किती रक्त सांडून घेतली होती, हे कोंकणपट्टीतल्या देवळादेवळांस ठाऊक आहे. कलकत्त्याच्या इंग्रज वरिष्ठांनी हा तह अमान्य केला, १७७६ साली पुरंदरचा तह झाला. तरी लागलेली आग विझली नाही. १७८२ च्या साल्बाईच्या तहाने ते युद्ध थांबले तेव्हा वसई परत मिळाली, पण साष्टी इंग्रजांकडे राहिली ती कायमची. ज्या कंपनीने १६१३ च्या सुमारास सुरतेत वखार घालून दुकान मांडले होते, तिला मराठी राज्याच्या घरात शिरण्याचा दरवाजा सुरतेतच उघडून मिळाला.

नारळीकरांच्या त्या जगात हा तह नाही. त्या जगातले राघोबादादा गोदाकाठी कोठे तरी स्नानसंध्या करीत म्हातारे झाले असतील. सुरतेच्या इंग्रजी कबरस्तानात ऑक्झेंडेन बंधूंची ती उंच घुमटी तेवढी तशीच असेल, कारण ती पानिपताच्या शंभर वर्षे आधीची. कथेतील खानसाहेब मुंबईहून ‘फ्रंटियर मेल’ने दिल्ली, लाहोर करीत थेट पेशावरला निघाले आहेत. ही गाडी सुरतेवरूनच उत्तरेस जाते. आपल्या जगात ती १९९६ पासून ‘गोल्डन टेंपल मेल’ या नावाने धावते आणि अमृतसरला थांबते. तेव्हा खानसाहेब रात्री केव्हा तरी आपल्या फलाटावरून गेले असतील, मध्ये कोणतीही नवी सरहद्द नसलेल्या देशातून. आणि आमच्या गोमंतकीय बंधूंनी स्वतःस विचारावे: त्या जगात गोव्याचा १९ डिसेंबर १९६१ हा दिवस आधी उजाडला असता, की उजाडण्याचे कारणच पडले नसते?

असे मनोराज्य करताना मन सुखावते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सुरतेच्या तहाकडे नीट पाहिले, की मनोराज्याचा ताल बिघडतो. पानिपतावर जे घडले त्यात गोळीचा भाग होता. ती कानाजवळून गेली असती किंवा छातीत शिरली असती, ते कोणाच्या हाती नव्हते. सुरतेत मात्र गोळी नव्हती. येथे एक दौत होती, एक कागद होता आणि एक सुशिक्षित, शूर, अटकेपर्यंत घोडा नेलेला माणूस होता. त्याने विचार केला आणि शिक्का उठविला. येथे इलेक्ट्रॉनच्या अनिश्चिततेस जागा नाही. ‘असे झाले नसते तर’ हे वाक्य पानिपताविषयी उच्चारले तर तो उसासा ठरतो. सुरतेविषयी उच्चारले तर तो आरोप ठरतो. आपल्या समाजाने पानिपतावर पोवाडे, नाटके, कादंबऱ्या, म्हणी आणि ही अद्भुतकथासुद्धा रचली. सुरतेच्या तहाची एकही म्हण भाषेत रुळली नाही. दैवाने केलेला घात आपण सांभाळून ठेवतो. आपल्याच हाताने केलेला घात विसरतो. गंगाधरपंतांनी पाचव्या खंडात राघोबांचे ते एक वाक्य वाचले तेव्हा त्यांचे बोट तेथे क्षणभर थांबावयास हवे होते. लेखकाने ते थांबविले नाही, ही या कथेतील सर्वांत मोठी उणीव आम्ही समजतो.

इतर उणिवाही आहेत. शेवटी राजेंद्र जे विवेचन करतो ते कथेपेक्षा व्याख्यानाच्या जवळ जाते. हरिदास आधी निरूपण करतो आणि मग आख्यान लावतो, हा क्रम उगाच पडलेला नाही; आख्यानाने भारलेला श्रोता पुन्हा निरूपणास बसण्यास नाखूश असतो. येथे क्रम उलटा झाला आहे. त्या निराळ्या जगातली एकही स्त्री आपल्यास नीट भेटत नाही. ते जग बहुतांशी पुस्तकांतून कळते. तेथल्या चुलीवर काय शिजते, देवळात कोणती आरती म्हणतात, भाजीवाली कोणत्या नाण्यात हिशेब करते, हे कळत नाही. लघुकथेच्या विस्तारात हे मावणारे नव्हते, हे आम्ही जाणतो. म्हणूनच असे वाटते, की येथे एका पूर्ण कादंबरीचे बीज पडून आहे. फोर्डला चारशे पाने मिळाली. गंगाधरपंतांना एवढेच थोडे मिळाले.

ती कादंबरी कोणी लिहावी? आमची अशी सूचना आहे, की ती पुण्याच्या वाड्यातून न लिहिता बाहेरगावच्या मराठी आणि कोंकणी लेखकांनी लिहावी. सुरत, बडोदे, इंदूर, मडगाव, कारवार येथून. राजधानीपासून दूर राहणाऱ्यास आपल्या इतिहासाकडे थोडे तिरकस पाहण्याची सवय असते, आणि अशा लेखनाला तिरकस दृष्टीच लागते. आमचे शेजारी गुजराती बांधव या बाबतीत आमच्या पुढे गेलेले आहेत. रमणभाई नीलकंठ यांनी १९०० साली ग्रंथरूपाने दिलेला ‘भद्रंभद्र’ पोथ्यांच्या जगात वावरत आगगाडीने मुंबईस जातो आणि सर्वांना हसवितो. ते हसू सनातनी वाचकांनीही पचविले. स्वतःच्या श्रद्धास्थानाला धक्का न लावता स्वतःच्या अहंकारास हसता येते, हे त्या ग्रंथाने दाखविले. नारळीकरांनी तेच पेशवाईच्या अभिमानाबाबत केले आहे.

आता दुसऱ्या मताने, म्हणजे राजेंद्रच्या मताने, काय मिळते या प्रश्नाकडे येऊ. अनेक जगे संभवनीय होती असे एकदा मानले, की ‘जे झाले ते अटळ होते’ हा आधार सुटतो. हा आधार आपल्या समाजाला फार प्रिय आहे. कपाळावर बोट ठेवले की पुष्कळ हिशेब मिटतात. गाधी ब्राह्मणाला विष्णूने मायेचे ज्ञान दिले आणि तो तपास निघून गेला. गंगाधरपंत तपास जात नाहीत. ते परत आपल्या पुण्यात येतात, पानिपताच्या परिसंवादाचे अध्यक्षपद नम्रपणे नाकारतात आणि पुन्हा कोणत्याही खुर्चीवर बसावयाचे नाही असे ठरवितात. निराळे जग पाहून आलेल्या माणसाने आपल्या जगात एक लहानसा बदल केला. तो त्याच्या हातातला होता. पेशवाई परत आणणे त्याच्या हातात नव्हते. कथा विनोदाच्या सुरात संपते, पण या शेवटात एक गंभीर विवेक आहे.

ज्यांनी ही कथा वाचली नसेल त्यांनी ती वाचावी. ज्यांच्या घरी अकरावीत शिकणारे मूल आहे त्यांनी त्याच्या इंग्रजी पुस्तकातील पाठाशेजारी मूळ मराठी कथा ठेवून दोन्ही एकत्र वाचावीत. परीक्षेच्या प्रश्नोत्तरांत न सापडणारे बरेच काही त्यातून हाती येईल. आणि वाचून झाल्यावर गोळीविषयी बोलण्यात सारी संध्याकाळ घालवू नये. गोळी कोणाच्या कानाजवळून जाईल हे आपण ठरवीत नाही. आपल्यापुढे येतात ते कागद: संस्थेचे ठराव, भावाभावांतले वाटणीपत्र, देवस्थानच्या जमिनीचे करार. त्यांवर सही करण्यापूर्वी ज्याला सुरतेची आठवण होईल, त्याने गंगाधरपंतांचे ते फाटके पान व्यर्थ वाचले असे कोणी म्हणणार नाही.